अकरावीचा प्रवेश आणि साडेनऊचा गुणाकार



आमच्या हवल्लीत दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा: पोराला अकरावीला पुण्या-मुंबईला पाठवायचं, पण इथल्या सीबीएसईच्या टक्क्यांना तिथे भाव किती? मुलगा पुढच्या वर्षी दहावीला, म्हणून मी जरा मागचा इतिहास चाळला.

महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइल आणलं. म्हणजे आपल्याच बोर्डातल्या अव्वल मुलांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते बघायचं. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण त्यात दोन्ही बोर्डांची मुलं सरासरीने सारखीच हुशार, असं गृहीत धरलेलं असतं. एसएससीला पंधरा लाखांच्या घरात मुलं, गावखेड्यातली धरून. आयसीएसईला त्या मानाने मूठभर, बहुतेक शहरी. गृहीतकच लंगडं! मुंबई हायकोर्टात ते टिकलं नाही. २००९ मध्ये एसएससीसाठी ९० टक्के जागा राखल्या, त्याही कोर्टाने उडवल्या. २०१० चं 'बेस्ट फाइव्ह' हायकोर्टात पडलं, पण सुप्रीम कोर्टात तरलं.

त्याच सुमारास सीबीएसईने दहावीला ग्रेड आणल्या. ९१ असोत की ९९, दोघांनाही ए-वन, म्हणजे १० पॉइंट. टक्के हवेत तर गुणिले ९.५, कारण ए-वनवाल्यांची सरासरी ९५ च्या आसपास. फोटो बारीक करून परत मोठा केला की जे होतं तेच! सगळीकडे १० मिळवणारं पोरही महाराष्ट्रात ९५ वरच अडकायचं. एसएससीवाल्यांना अशी अट नव्हती. २०१८ पासून बोर्डाची परीक्षा पुन्हा सक्तीची झाली आणि हे थांबलं.

माझ्या मते खरी तुलना एकाच पेपरवर होते. पण पेपर कुठल्या अभ्यासक्रमावर काढायचा? २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या तेव्हा सरकारने अकरावीसाठी सीईटी ठरवली, तीही एसएससीच्या पुस्तकांवर! १० ऑगस्टला हायकोर्टाने ती रद्द केली, आणि गाडी पुन्हा दहावीच्या टक्क्यांवर आली.

अलीकडे इथून कुणाची मुलं अकरावीला तिकडे गेली असतील, तर कितीला कुठलं कॉलेज मिळालं ते जरूर कळवा.