हृदयविफलतेतील वाहिनीकार्य

शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ ठरते त्या अवस्थेत, म्हणजे हृदयविफलतेत, रक्तवाहिन्यांचे प्रसरणही बिघडते आणि थोड्या श्रमाने लागणारी धाप व थकवा यांत या बिघाडाचा वाटा असतो. वाहिनीच्या आतील एका पेशीच्या जाडीचा थर (अंतःस्तर) नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतो व त्याने भोवतीचे अनैच्छिक स्नायू सैल पडून वाहिनी रुंदावते. अंतःस्तराची ही भूमिका रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महारोहिणीवर दाखवली. हृदयविफलतेत प्रवाह मंदावल्याने या वायूची निर्मिती घटते आणि वाढलेल्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकामुळे त्याचा नाशही लवकर होतो.

वाहिन्या रुंदावणाऱ्या औषधांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे नाव हैदराबादशी निगडित आहे. १८६७ मध्ये हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग प्रसिद्ध करणारे टॉमस लॉडर ब्रंटन, निजाम महबूब अली खान यांच्या द्रव्यसाहाय्याने नेमलेल्या क्लोरोफॉर्म या भूलद्रव्याविषयीच्या दुसऱ्या आयोगासाठी १८८९ मध्ये तेथे आले होते. क्लोरोफॉर्मने मृत्यू श्वसन थांबल्याने येतो, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. ब्रंटन यांचे नायट्राइट मात्र नायट्रिक ऑक्साइडच्या द्वारेच कार्य करते, हे शतकाहून अधिक काळाने उमगले. याच शहरातील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सॅल्ब्युटामॉल हे औषध देऊन बोटातील नाडीतरंगात होणाऱ्या बदलावरून अंतःस्तराचे कार्य मोजले गेले असून, आवळ्याच्या अर्काने ते सुधारल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि त्या अभ्यासातील रुग्ण मधुमेहाचे होते, त्यामुळे हृदयविफलतेवर आवळा गुणकारी असल्याचे त्यावरून ठरत नाही.

व्यायामाने रक्ताचा प्रवाह वाढतो, वाहिनीच्या भित्तीवरील घर्षण वाढते आणि त्या चेतनेने अंतःस्तर अधिक वायू निर्माण करू लागतो. १९९६ मध्ये जर्मन संशोधकांनी हृदयविफलतेच्या रुग्णांकडून चार आठवडे रोज मूठ आवळण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा हाताच्या रोहिणीचे प्रसरण सुधारले. पण व्यायाम थांबवल्यावर सहा आठवड्यांत हा लाभ नाहीसा झाला. १९९८ मध्ये लाइपझिग येथे सहा महिन्यांच्या सायकल-व्यायामाने पायांतील वाहिन्यांचे कार्य व रुग्णाची श्रमक्षमता दोन्ही वाढली. सूज वाढलेल्या किंवा विश्रांतीतही धाप लागणाऱ्या रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंत मात्र असा व्यायाम देत नाहीत, आणि नंतरही तो वैद्यकीय देखरेखीखाली सुरू करणे इष्ट असते.

औषधांपैकी एनॅलाप्रिलसारखी एसीई-रोधके अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखतात व ब्रॅडिकायनिन हे वाहिन्या सैल करणारे द्रव्य टिकवतात. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा प्रभाव अडवून नायट्रिक ऑक्साइडचे कार्य सुधारते. या दोन्ही औषधांनी गंभीर हृदयविफलतेतील मृत्यू घटल्याचे अनुक्रमे १९८७ व १९९९ च्या चाचण्यांत दिसले. वाहिनी सुधारली की आयुष्यही वाढते, असा नियम मात्र यावरून बांधता येत नाही. कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या स्टॅटिन औषधांनीही अंतःस्तराचे कार्य सुधारते, तरी त्यांपैकी रोझुव्हास्टॅटिनच्या २००७ व २००८ मधील मोठ्या चाचण्यांत हृदयविफलतेच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत.