घाटातील घोडीस्वार

बैलगाड्यांची शर्यत हा निव्वळ बैलांचा खेळ, अशी शहरवासीयांची समजूत असते. आमच्या आंबेगाव, जुन्नर, खेड आणि शिरूर या तालुक्यांपुरते बोलावयाचे तर ती समजूत अपुरी आहे. सातारा-सांगलीकडे सपाट माळावर गाडी पळते आणि तीत हाकणारा बसतो. आमच्याकडे चढाचा घाट असतो आणि गाड्यावर माणूस नसतो. पुढे दोन बैल असतात, त्यांना जुकाट म्हणावयाचे. त्यांच्यामागे गाड्याला जुंपलेले दोन, ते धुरेकरी. आणि या चौघांच्याही पुढे एक घोडी सुसाट धावते, तिच्या पाठीवर एक पोरगा असतो. निशाण पडले की घड्याळ सुरू होते. बारा-तेरा सेकंदांत सारे संपते. या एका धावेला आम्ही ‘बारी’ म्हणतो.

घोडी कशासाठी, असे बाहेरचा माणूस हटकून विचारतो. बैलाला वेग यावा म्हणून, एवढे उत्तर पुरेसे नाही. घोडी फार पुढे निघून गेली तर बैलांचा हुरूप मावळतो, आणि मागे रेंगाळली तर चार बैलांची शिंगे स्वाराच्या पाठीला येऊन भिडतात. हे अंतर स्वाराने मागे न पाहता, नुसत्या टापांच्या आवाजावर राखावयाचे असते. वर पोहोचल्यावर दुतर्फा लोटलेल्या गर्दीतून घोडी बाजूला काढणे, हे तर त्याहून अवघड. हे कसब कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही.

या शर्यती मुळात देवाच्या. थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा घ्या, धामणीच्या खंडोबाची माघ पौर्णिमेची घ्या, किंवा आमच्या अवसरी बुद्रुकची गावयात्रा घ्या. गाडा पळवावयाचा तो नवस फेडण्यासाठी, भंडारा उधळून. आमच्या लहानपणी मानाचा नारळ आणि फेटा मिळाला तरी मालक वर्षभर मिशीला पीळ देत हिंडे. बैल बेल्ह्याच्या बाजारातून किंवा चाकणहून यावयाचा, आणि तोच बैल आठवड्याचे सहा दिवस मोट-नांगराला जुंपलेला असावयाचा. तेव्हा कामाचा बैल आणि शर्यतीचा बैल असा भेद फारसा नव्हता. घोडीवर बसणारा म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ, नाही तर शेजारचा धीट पोरगा.

या यात्रांना मुंबईचाही हातभार होता. जुन्नर-आंबेगावची माणसे गिरण्यांत, गोदीत आणि भाजी-फळांच्या बाजारात हमालीला गेली. यात्रेला मात्र ती गावी यावयाची आणि वर्गणीही त्यांचीच असावयाची. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही. अनेक घरांतला मनिऑर्डरचा ओघ आटला, तसा यात्रेच्या वर्गणीचा भार हळूहळू गावात राहणाऱ्या बागायतदारांकडे गेला. डिंभे धरणाच्या कालव्याचे पाणी आले, बटाटा, कांदा आणि ऊस पिकू लागला, नांगरटीला ट्रॅक्टर आला. बैलाचे शेतातले काम संपले. आता शर्यतीचा बैल शर्यतीसाठीच पाळला जातो, त्याला खुराक वेगळा, गोठा वेगळा आणि सांभाळावयाला गडी वेगळा. हौसेचे रूपांतर धंद्यात होण्यास एवढे पुरते.

तथापि हा खेळ खऱ्या अर्थाने संघटित झाला तो बंदीमुळे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने पुन्हा सशर्त परवानगी दिली, तिला पाचच दिवसांत स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने १९६० च्या कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. मधल्या साडेसात वर्षांत गाडामालकांनी संघटना उभारल्या, वर्गण्या केल्या, वकील दिले, रास्ता रोको केले. आम्ही आयुष्यभर हेच काम गिरणगावात आणि बाजारसमित्यांत केले, त्यामुळे या चिकाटीचे मोल आम्हांस कळते. बैलांच्या कळवळ्याने न्यायालयात गेलेली माणसेही सगळी दुष्ट नव्हती. शेपटी पिरगाळणे, टोचणे हे प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहेत. आज बैलाला पशुवैद्यकाचा दाखला लागतो, त्याला क्रूरतेने वागविणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे योग्यच झाले.

प्रश्न आहे तो घोडीवरच्या पोराचा.

घोडा, गुरे आणि घड्याळ यांची सांगड जगात इतरत्रही घातली गेली आहे. अमेरिकेत टीम पेनिंग नावाचा खेळ आहे. कॅलिफोर्नियातील गुरे राखणाऱ्या घोडेस्वारांच्या रोजच्या कामातून तो १९४२ च्या सुमारास निघाला. तीस जनावरांचा कळप, त्यांच्या अंगावर आकडे. स्वार रेषा ओलांडतात तेव्हा एक आकडा पुकारला जातो. तिघा स्वारांनी त्या आकड्याची तीन जनावरे कळपातून वेगळी काढून ठरलेल्या वेळात, बहुधा साठ सेकंदांत, कोंडवाड्यात घालावयाची. १९९३ मध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटना झाली. तिचे आम्हांस कौतुक वाटते ते एका गोष्टीसाठी. तेथे मोजला जातो तो स्वार. त्याच्या कसबाप्रमाणे त्याला श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीवरून तो कोणत्या गटात उतरणार हे ठरते. अर्थात तिकडेही घोडा बाळगणे हे पैसेवाल्याचेच काम झाले आहे, गुराखी मागे पडला आहे. त्या देशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. पण स्वाराचे नाव कागदावर आहे.

आमच्या घाटात पुकारा होतो तो मालकाचा आणि गावाचा. बैलाचेही नाव घेतले जाते. घोडीस्वाराचे नाव क्वचितच कानी पडते. घोडीवर बसलेल्या ज्या माणसाचे नाव सर्व वर्तमानपत्रांत झळकले ते शिरूरचे खासदार अमोल कोल्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी दिलेला शब्द पाळून बारीपुढे घोडी पळविली. त्यांच्या धाडसाला आमचा नमस्कार. त्या मोसमात इतर घाटांतून जी पोरे दिवसभर बारीमागून बारी पळवीत होती त्यांची नावे कोणी छापली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी असाच एक पोरगा आमच्याकडे आला होता. घोडी घसरली, मांडीचे हाड मोडले, तीन महिने घरी बसला. मालकाने इस्पितळाचे पहिले बिल भरले आणि पुढे हात आखडता घेतला. “तो आमच्या घरचाच आहे, हौसेने बसतो,” असे मालकाचे म्हणणे. हे वाक्य आम्ही मुंबईच्या बाजारातही ऐकले आहे. तेथे ते हमालाबद्दल होते. माथाडी कामगाराला कायमचा मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला, १९६९ मध्ये कायदा झाला, मंडळे झाली. हमालाच्या मजुरीवर लेव्ही बसली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना उभा राहिला. कामावर जखमी होणाऱ्याला भरपाई देण्याचा कायदा तर या देशात १९२३ पासून होता. तो पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कायद्याची उणीव नाही. स्वार हा कामगार आहे, हे कबूल करणारा पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. बक्षिसे आता नारळ-फेट्यांची राहिली नाहीत. मोटारसायकल, ट्रॅक्टर येथपर्यंत ती पोहोचली, आणि मे २०२२ मध्ये चिखलीच्या घाटात तर जेसीबी यंत्र लागले. प्रत्येक गाड्याच्या प्रवेशफीतून ठराविक रक्कम यात्रा कमिटीने बाजूला काढावी, तालुक्याचा एक निधी करावा आणि त्यातून घोडीस्वार, जुंपणारे आणि वर बैल धरणारे यांचा विमा उतरावा. स्वाराची नोंद असावी, त्याचे वय पाहावे. अठरा वर्षांखालील पोराला घोडीवर बसवू नये. यावर गाडामालक मंडळी आम्हांस हसतात. अठराच्या वरचा गडी जड होतो, म्हणतात, घोडी सेकंदाने मागे पडते.

ते सेकंद आम्हांसही कळतात. अवसरीच्या यात्रेत भिर्रर्र अशी आरोळी उठली की आमचेही पाय आपोआप उचलतात. या वर्षी आम्ही कमिटीपुढे कागद ठेवला आहे. पुकारणाऱ्याने बारी सुटण्यापूर्वी मालकाच्या नावामागोमाग घोडीस्वाराचेही नाव घ्यावे, एवढेच पहिले कलम त्यात आहे. त्यास पैसा लागत नाही. विम्याचे कलम दुसरे आहे, त्यावर चर्चा पुढच्या बैठकीत आहे.