धोडपची लढाई आणि सुरतेचा तह

कळवणहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे सातमाळेच्या रांगेंत धोडपचा उघडा कातळमाथा नजरेंत भरतो. त्याच्या बाजूच्या कड्यांतील खांच दुरूनहि ओळखूं येते. सप्तशृंगीस जाणाऱ्या यात्रेकरूंपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, या गडाखालीं १० जून १७६८ रोजीं पेशव्यांच्याच घरांतील चुलत्या-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या.

कलहाचें बीज जुनें होतें. पानिपतानंतर १७६१ मध्यें माधवराव अवघ्या सोळाव्या वर्षीं गादीवर आले, आणि अटकेपर्यंत स्वाऱ्या केलेल्या राघोबादादांस पुतण्याचा हुकूम मानणें जड गेलें. १७६२ मध्यें निजामाची कुमक घेऊन त्यांनीं पुतण्यास आळेगांवीं नमविलेंहि. घरच्या भांडणांत बाहेरची तलवार आणण्याची दादांची चटक तेथूनच लागली असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें १७६७ सालीं इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यास आला, तेव्हां त्याचा सहकारी ब्रोम नाशकास दादांकडे गेला. मुंबईच्या कौन्सिलास साष्टी व वसई हवीं होतीं, आणि मराठ्यांच्या घरांतील फूट ही त्यांना तिकडची जवळची वाट वाटत होती.

माधवरावांनीं विलंब केला नाहीं. दमाजी गायकवाडांनीं पुत्र गोविंदराव याजबरोबर दादांकडे फौज पाठविली होती. होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूडहि त्या पक्षास मिळाले होते. आणखी कुमक पोहोंचण्यापूर्वींच पेशवे धोडपवर येऊन थडकले. दादांचा मोड झाला. ते गडावर चढले आणि अखेर स्वाधीन झाले. पुण्यास नेऊन त्यांना शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेवण्यांत आलें. रक्त सांडलें खरें. परंतु इंग्रजी पलटण त्या मैदानांत नव्हती, आणि निकालहि घरचा घरांतच लागला.

कैदेनें दादा बदलले नाहींत. १७७२ मध्यें माधवराव क्षयानें गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणरावांचा शनिवारवाड्यांत खून केला आणि पेशवाई दादांकडे आली. पण नारायणरावांच्या पत्नीस पुत्र झाला, बारभाईंनीं त्या बालकाचा पक्ष उचलला, आणि दादांनीं सुरतेस इंग्रजांचें दार ठोठावलें. ६ मार्च १७७५ च्या तहाचीं कलमें हिशेबाच्या वहीसारखीं आहेत. अडीच हजार शिपाई. त्यांचा खर्च दरमहा दीड लक्ष रुपये. तारण म्हणून सहा लक्षांचें जवाहीर. आणि वर साष्टी व वसई. ठाण्याचा किल्ला व साष्टी तर इंग्रजांनीं तहापूर्वींच बळकावली होती. मजुरी ठरण्याआधींच गड्यानें घरांतलें भांडें उचललें होतें!

कर्नल कीटिंगची फौज १८ मे १७७५ रोजीं अडासला हरिपंत फडक्यांशीं लढली; जय मिळाला, पण तो महाग पडला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनें मुंबईकरांचा तह नाकारून पुरंदरास दुसरा केला, तोहि टिकला नाहीं. जानेवारी १७७९ मध्यें दादांस घेऊन पुण्यावर निघालेल्या इंग्रजी सैन्यास वडगांवीं हार खाऊन करार करावा लागला. तरी युद्ध थांबलें नाहीं. एका माणसाच्या गादीसाठीं आरंभिलेलें तें युद्ध सात वर्षें चाललें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें दादांस सालीना तीन लक्षांची नेमणूक मिळाली, इंग्रजांस साष्टी. दादा गोदातीरीं कोपरगांवास जाऊन राहिले आणि १७८३ च्या अखेरीस वारले.

धोडप १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेला. त्या वेळीं गडावरून प्रतिकार झाला नाहीं.