जागणे यंत्राचे, ओळखणे आपले



गेल्या उन्हाळ्यात बदलापूरजवळच्या आमच्या एका गटाने मसाल्याच्या खोलीत छताला मोशन सेन्सर बसवून घेतला. खोली गावाच्या कडेला, वर पत्रा. आत मिरची कांडायची डंकी, वजनकाटा, पॅकिंगचे यंत्र आणि ऑर्डरच्या मसाल्याचे डबे. सगळे बँकेच्या कर्जातून उभे केलेले. रात्री तिथे कोणी झोपायचे, यावर तीन बैठका झाल्या. कोणाचे घर लांब, कोणाचे मूल लहान, तर कोणाच्या घरून परवानगी नाही. शेवटी वायरमनला बोलावले. त्याने वाटीएवढी पांढरी वस्तू वर लावली आणि तिची वायर बाहेरच्या भोंग्याला जोडली. गटातल्या एका आजींनी वर पाहून विचारले, "हीच का आता आपली राखणदार? हिला कोण आपले, कोण परके ते कळते का गं?"

आजचे बोलणे या प्रश्नाबद्दल आहे. त्यासाठी आधी थोडे मागे जाऊ आणि आपल्याकडे राखण कोण करत होते ते पाहू.

जुन्या गावाला वेस असे आणि वेशीवर वेसकर. महार समाजाकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या आलेले. रामोशी समाजाकडेही कितीतरी गावांची आणि किल्ल्यांची राखण होती. रात्री गस्त घालणाऱ्याला जागल्या म्हणत. नावातच त्याचे काम आले: गाव झोपले की याने जागायचे. पण नुसते जागून भागत नसे. गावात आज कोण पाहुणा उतरला, कोणाचे जनावर सुटले, अंधारात चालणारी पावले कोणाची, हे त्याला ठाऊक असावे लागे. चोरी झालीच तर पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावात शिरला की पुढचे काम त्या गावच्या राखणदाराचे. म्हणजे राखणदाराची कामे दोन. एक जागणे, दुसरे ओळखणे. ही दोन कामे लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडेच यायचे आहे.

या कामाचा मोबदला मात्र लाजिरवाणा होता. वतनाची तुटपुंजी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते, एवढ्यावर रात्रंदिवस राबायचे. सरकारी माणसाने हाक मारली की उठून जायचे, नाही म्हणायची सोय नाही. गाव ज्याच्या भरवशावर झोपे, त्यालाच गावकुसाबाहेर ठेवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले, ते या वेठीच्या विरोधात. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. जन्माने चिकटलेली राखणदारी कायद्याने संपली.

तोपर्यंत आपला हा पट्टाही बदलू लागला होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे या रिकाम्या बराकींमध्ये उतरवली. आकडा साधारण एक लाखाच्या घरात होता. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. जुनी माणसे अजूनही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच म्हणतात. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत अनेक संसार. मध्ये भिंत नाही, तर चादरी आणि गोणपाट टांगून केलेले आडोसे. गोणपाटाला कुलूप लावता येत नाही. अशा घरात राखण म्हणजे पलीकडच्या बाईचा कान. मूल रडले तरी चार घरांना कळणार, अनोळखी पाऊल वाजले तरी चार घरांना कळणार. यात अडचण होती, लाज होती आणि आधारही होता.

अंबरनाथला काड्यापेटीचा मोठा कारखाना स्वातंत्र्याआधीच आला होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरकडे एमआयडीसीच्या वसाहती वाढल्या. कारखाना आला की फाटक आले, फाटकावर वॉचमन आला. इमारती झाल्या, त्यांच्या खाली खुर्ची टाकून बसणारा सुरक्षा रक्षक आला. हा माणूस गावचा नव्हता. कंत्राटदार आज इथे पाठवणार, उद्या तिथे. बारा-बारा तास उभे राहायचे आणि पगार कधी मिळेल ते ठाऊक नाही. या रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यासाठी महाराष्ट्राने १९८१ साली खास कायदा केला. त्याखाली बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळही झाले. जागणाऱ्याच्या कष्टाला कायद्यात जागा मिळाली. पण ओळखीचे काय? रोज बदलणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरची आजी कोण आणि तिच्याकडे येणारा कोण, हे कुठून कळणार? म्हणून वही आली. नाव लिहा, वेळ लिहा, सही करा.

आता यंत्राकडे येऊ. चोर आला की घंटा वाजावी ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप या गृहस्थांनी १८५३ साली विजेवर चालणाऱ्या अशा घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की तारेतून वीज वाहायची आणि घंटा वाजायची. आणखी एक नाव आपण बायकांनी लक्षात ठेवावे असे आहे, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. न्यूयॉर्कमध्ये राहणारी ही कृष्णवर्णीय नर्स. कामाच्या वेळा विचित्र, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस यायला उशीर. दारावर कोण आले आहे ते दार न उघडता दिसावे, म्हणून तिने नवऱ्याच्या मदतीने कॅमेरा, पडदा आणि पोलिसांना इशारा देणारे बटण अशी व्यवस्था तयार केली. १९६९ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. घराच्या राखणीचा विचार एका नोकरी करणाऱ्या बाईने केला, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो "दाराबाहेर कोण?" म्हणजे पुन्हा ओळखण्याचाच.

आपल्या छतावरचा सेन्सर हा प्रश्न विचारत नाही. त्याचे काम वेगळे आहे. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. न दिसणारे हे किरण म्हणजे अवरक्त किरण. चुलीपासून दूर उभे राहूनही आपल्याला धग जाणवते, ती बरीचशी यांचीच. आपल्या अंगातूनही हे किरण सतत बाहेर पडत असतात. दुसरा धागा एका खड्याचा आहे. अठराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून टूर्मलीन नावाचे खडे युरोपात नेले. हा खडा तापला की राख ओढून घेतो, हे त्यांच्या लक्षात आले. ऊब बदलली की त्यात वीज तयार होते, म्हणून ती राख चिकटायची. असाच गुण असलेला बारीक तुकडा आज सेन्सरच्या पोटात बसवलेला असतो.

वर जी दुधी प्लास्टिकची टोपी दिसते, ती खोलीचे लहान लहान वाटे करते. गरम अंगाचे कोणी एका वाट्यातून दुसऱ्यात गेले की आतल्या तुकड्यावर पडणारी ऊब बदलते, किंचित वीज तयार होते आणि भोंगा वाजतो. माणूस अगदी स्तब्ध उभा राहिला तर सेन्सरला काही कळत नाही. काचेपलीकडचा माणूसही त्याला कळत नाही, कारण ही ऊब काचेतून जात नाही. छताच्या मधोमध लावलेला सेन्सर मात्र चारही बाजूंना पाहतो, म्हणून एका खोलीला बहुतेक वेळा एकच पुरतो.

आता आमच्या गटाने काय शिकले ते सांगतो. पहिल्या दिवशी वायरमनने सेन्सर थेट पत्र्याखाली लावला. मे महिन्याची दुपार. आम्ही खालून येरझाऱ्या घातल्या, तर कधी भोंगा वाजे, कधी नाही. कारण सरळ होते. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. खोलीही तेवढीच तापली की सेन्सरला माणूस आणि हवा यांत फरक सापडत नाही. मग तो पत्र्यापासून खाली, लोखंडी आडव्या पट्टीवर, जमिनीपासून नऊ फुटांवर घेतला. पंख्याच्या पात्याआड येणार नाही, झरोक्यातले ऊन त्यावर पडणार नाही, असे पाहिले. डंकीची मोटर चालून गरम होते, तिच्यापासूनही लांब ठेवला. रात्री गारवा आल्यावर पुन्हा चालून पाहिले. दारातून, खिडकीतून, कोपऱ्यातून, वाकून, हळू. कोपऱ्यातल्या पोत्यांच्या थप्पीमागे तो पाहू शकत नव्हता, तेव्हा थप्पी हलवली. वीज गेली तर चालावा म्हणून बॅटरी जोडली. खोलीला सेन्सर बसवणार असाल तर पैसे देण्याआधी वायरमनसमोर असे चालून बघाच.

तिसऱ्या रात्री भोंगा वाजला. अख्खी वाडी काठ्या घेऊन धावली. पत्र्याच्या फटीतून शिरलेली मांजर डब्यांवर बसली होती. सगळे हसले. आठवड्याने पुन्हा वाजला, तेव्हा निम्मेच लोक आले. मग आम्ही फट बुजवली आणि बैठकीत ठरवले, की भोंगा वाजला तर कोणत्या चार घरांनी यायचे, ११२ ला फोन कोणी करायचा आणि खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे वहीत कोणी लिहायचे. हे ठरले नसते तर तिसऱ्यांदा कोणीच आले नसते. सेन्सरने आमच्या झोपेची सोय केली. मांजर कोण आणि चोर कोण, हे पाहायला मात्र आम्हालाच उठावे लागले.

मैत्रिणींनो, खोलीतला माल गेला तर तो पुन्हा कांडता येतो. ज्याची भरपाई होत नाही, त्याबद्दल आता बोलायला हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने शाळांना सीसीटीव्ही बसवायला सांगितले. ते बसवलेच पाहिजेत. पण अटक झाली होती ती शाळेतच सफाईचे काम करणाऱ्या माणसाला. तो दिवसाढवळ्या आत होता, त्याला फाटक उघडेच होते. छतावर मोशन सेन्सर असता तरी भोंगा वाजला नसता, कारण शाळा भरलेली असताना तो बंदच ठेवतात. आणि चालू असता, तरी त्याला दिसले असते ते एवढेच: एक ऊब इकडून तिकडे गेली.

हे बाहेर आले ते मुलींनी घरी सांगितले आणि घरच्यांनी ऐकले म्हणून.

म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे: नाही आजी, हिला आपले-परके कळत नाही. जागल्याच्या दोन कामांपैकी जागायचे काम आपण यंत्राला देऊ शकतो. त्यात कमीपणा काही नाही. उलट, त्या एका कामासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाला वेठीला धरले, नंतर गरीब घरच्या पोरांना रात्रभर उभे केले. यंत्राने ते ओझे हलके केले तर चांगलेच. पण ओळखायचे काम कोणाच्या छताला टांगता येत नाही. ते आपल्याकडेच राहते.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात तीन गोष्टी विचारा. गावातल्या अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या स्वच्छतागृहाकडे कोण नेते आणि ती बाई आहे का? शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तिच्यात आपल्यापैकी कोणी आहे का आणि तिची बैठक शेवटची कधी झाली? आणि आपल्या घरातले लेकरू "मला तिथे जायचे नाही" म्हणाले, तर आपण हातातले काम ठेवून ऐकतो का? मुलांसाठी १०९८ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. लहान मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर तक्रार करणे हे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. गप्प बसणे हाही गुन्हा ठरतो.

आमच्या मसाल्याच्या खोलीत रात्री आता तो सेन्सर जागा असतो. आणि सकाळी खोली उघडायला येणारी बाई आधी बाजूच्या अंगणवाडीत डोकावते, मग कुलूप काढते. हे आम्ही ठरावात लिहिले आहे. तुम्हीही लिहा.