ऑपरेशन ‘सक्सेसफुल’ झालं, हे ठरवतं कोण?

आजचा एपिसोड एका हिशोबाच्या इतिहासावर.

परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरून परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना हा प्रवास पाठ आहे. पेशंटला स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅन्क्रियाजचा कॅन्सर असेल, तर घरचे विचारतात, “डॉक्टर, ऑपरेशन सक्सेसफुल होईल ना?” पण सक्सेसफुल म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने धसाला लावला. त्याचं म्हणणं साधं होतं: पेशंट घरी गेला की काम संपत नाही. निदान वर्षभर त्याची खबर घ्या, आणि गुण आला नसेल तर का नाही, ते लिहून ठेवा. सहकाऱ्यांना हे अजिबात रुचलं नाही. १९१४ मध्ये त्याने मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी सोडली.

पुढे १९३५ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी तीन पेशंटांवरच्या ऑपरेशनची माहिती छापली. आजही हे ऑपरेशन त्यांच्याच नावाने ओळखतात. यात स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढून उरलेला भाग आतड्याला जोडतात. खरी गोम त्या जोडात आहे. तो गळला तर पाचकरस पोटातच पसरतो. कितीतरी वर्षं मृत्यू इतके व्हायचे, की १९७० च्या सुमारास काही नामवंत सर्जन म्हणू लागले, हे ऑपरेशन नकोच.

मग मोजणी कामाला आली. २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, की ही ऑपरेशनं अगदी क्वचित होणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के, तर सर्वांत जास्त होणाऱ्या ठिकाणी ३.८ टक्के होतं. केवढा फरक!

तरी एक घोळ होताच. ‘गळती’ कशाला म्हणायचं, हे प्रत्येकजण आपापलं ठरवायचा. २००५ मध्ये जगभरच्या सर्जननी मिळून एकच व्याख्या केली. तेव्हा कुठे मुंबईचे आकडे जर्मनीच्या आकड्यांशेजारी ठेवता येऊ लागले. टाटामध्ये डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी आपले जुने आणि नवे निकाल छापले. या कामासाठी खास टीम बसवल्यावर निकाल सुधारल्याचं त्यातून दिसलं.

आता आपल्याकडचा मुद्दा. मृत्यू मोजताना ३० दिवस धरायचे की ९०? समजा, परभणीला परतलेला पेशंट चाळिसाव्या दिवशी घरीच गेला. ३० दिवसांच्या हिशोबात तो ‘वाचलेला’च राहतो! म्हणून फॉलोअपचा फोन आला तर उचला, खरं ते सांगा. आणि ऑपरेशनआधी बिनधास्त विचारा: इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? गळती किती जणांना होते? ९० दिवसांनी किती जण बरे असतात?

विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. कॉडमनला हेच तर हवं होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!