काळ्या काचा आणि मोजलेला उजेड

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून मुर्धे, राई, मोर्वा मागे टाकत उत्तनच्या बाजूला निघाले की डोंगरी-तारोडीचा भाग लागतो. जुन्या धारावी बेटाचा हा पट्टा २००२ पासून मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरांची खाजण जमीन, आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांप्रमाणे इथेही बहुतेक गाड्या उघड्यावर उभ्या राहतात. खाऱ्या दमट हवेत आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या काचेवरची जुनी फिल्म कशी होते, हे अशा ठिकाणी लवकर कळते. तिचा काळा रंग उडून जांभळा होतो, कडा सुटतात, आत बुडबुडे धरतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की सगळी काच धुरकट दिसते. ही फिल्म काढायला लागणारे हात, पाणी आणि पाती यांचा विचार पुढे येईलच. पण तिच्या लावण्या-काढण्याचा इतिहास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. अंधार म्हणजेच गारवा, ही समजूत आपल्याकडे गाडीबरोबर वाढली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंधार काढायला लावला, ते योग्यच झाले. मात्र गारव्याचे काय, हा प्रश्न तेव्हा कोणी मोजला नाही आणि आजही मोजला जात नाही.

उन्हापासून आणि नजरेपासून प्रवाशाला झाकण्याची सोय मोटारीपेक्षा फार जुनी आहे. गोषातल्या स्त्रियांच्या मेण्याला पडदे असत, बैलगाडीवर ताडपत्रीचे किंवा चटईचे छप्पर असे. रेल्वे आली तेव्हा डब्यांच्या खिडक्यांना फटींच्या लाकडी झडपा बसल्या. झडप पाडली की ऊन अडे आणि फटींतून वारा येत राही. या सगळ्या सोयींमध्ये एक शहाणपण होते: सावली बाहेरच्या बाजूला धरायची, हवा वाहती ठेवायची, आणि नको तेव्हा आडोसा बाजूला सारायचा. याला अपवाद झाला तो बंद डब्याचा. १९३४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेच्या फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवली जाई. ती गाडी भाईंदरवरूनच उत्तरेला जात असे. डबा गार ठेवायचा तर खिडकी बंद हवी, ही अट तेव्हाच स्पष्ट झाली होती. सामान्य माणसाच्या मोटारीपर्यंत ती यायला मात्र आणखी पन्नास वर्षे गेली.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटच्या पुढच्या दारांना छोटी तिकोनी काच असे. ती फिरवली की वारा थेट अंगावर येई. उरलेल्या काचा खाली केलेल्या असत, आणि दारात उतरलेल्या काचेवर फिल्म लावून कोणाला काय मिळणार? मागच्या काचेला जाळीचा पडदा लावला की भागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढच्या वर्षांत एसीच्या गाड्या वाढल्या आणि काचा वर गेल्या. एकदा काच कायमची बंद झाली की ऊन आणि प्रवासी यांच्यामध्ये तेवढीच राहते. म्हणून माझे म्हणणे असे की काळी फिल्म उन्हाळ्याने आणली नाही. उन्हाळा आधीपासून होता. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद आहे आणि तेव्हा गाड्यांना फिल्म नव्हती. फिल्म आली ती बंद काचेमागोमाग.

फिल्मचे तंत्र अमेरिकेतले. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा किंवा रंगाचा थर देऊन तो काचेला चिकटवण्याचे पेटंट थ्रीएम कंपनीने १९६६ मध्ये मिळवले. सुरुवातीला हे इमारतींच्या काचांसाठी होते. महाराष्ट्रात हा धंदा रुजवण्यात मोठा वाटा आहे तो आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहाचा. तासगावात जन्मलेले आबासाहेब, म्हणजे भालचंद्र दिगंबर गरवारे, तरुणपणी मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारात होते. त्यांच्या समूहाच्या संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निघालेली सन कंट्रोल फिल्म देशात आणि परदेशात विकली गेली. मराठवाड्यात ती बनली आणि नाक्यानाक्यावरच्या गाडी-सजावटीच्या दुकानांतून सोलापूर-नागपूरपासून भाईंदरपर्यंत पोचली. या धंद्यावर किती तरुणांनी पोट भरले, हे काळ्या काचांवर टीका करताना विसरता कामा नये. साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवून, रबरी पट्टीने एकही बुडबुडा न ठेवता मागच्या वळलेल्या काचेवर ती बसवणे हे कसब आहे.

पण दुकानात गिऱ्हाईक फिल्म निवडत होते ते डोळ्यांनी. जितकी काळी तितकी गार, हा हिशेब सोपा होता आणि इथेच चूक झाली. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त किरणांत असते, चाळीस-पंचेचाळीस टक्के दिसणाऱ्या उजेडात आणि अगदी थोडी अतिनील किरणांत. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड शोषते. शोषलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. काच तापते आणि त्यातली काही उष्णता आत येते. गाडी धावत असताना बाहेरचा वारा काचेवरची बरीच उष्णता घेऊन जातो, पण उभ्या गाडीला तो आधार नसतो. काळ्या फिल्मने काहीच फायदा होत नव्हता असे कोणी म्हणू नये. दिसणारा उजेडही तापवतोच, आणि थेट ऊन अंगावर पडले नाही तर माणसाला बरे वाटतेच. पण किंमत मोजली जात होती अंधारात, आणि त्या मानाने हाती येणारा गारवा थोडा होता. शिवाय काळ्या काचेला एक रुबाब चिकटला होता. आत कोण आहे हे दिसू नये, यालाच प्रतिष्ठा आली होती.

कायदा तेव्हाही होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. हे आकडे नीट समजून घेतले तर बाजारातली बहुतेक काळी फिल्म पहिल्या दिवसापासून बेकायदा होती हे कळते. समजा, कारखान्यातून आलेली बाजूची काच ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर ५० टक्क्यांची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत अगदी फिकी फिल्म लावली, तरी दोन्ही मिळून आत येतो ३७.५ टक्केच उजेड. नियमात बसायचे तर फिल्म जवळपास पारदर्शक हवी. पण रस्त्यावरच्या शिपायाच्या हातात उजेड मोजायचे यंत्र नव्हते आणि दंड शंभर रुपयांचा होता. जो नियम मोजताच येत नाही तो पाळला जाणार कसा?

२७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया, न्या. पटनायक आणि न्या. स्वतंत्र कुमार यांच्या खंडपीठाने हा गुंता एका घावात तोडला. कोलकात्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने सांगितले की टक्केवारी कोणतीही असो, गाडीच्या काचेवर काळी फिल्म किंवा दुसरे काहीही चिकटवता येणार नाही. अंमल ४ मेपासून. झेड आणि झेड प्लस सुरक्षेतल्या व्यक्तींच्या गाड्यांपुरती सूट ठेवली गेली. पोलिसांनी दंडाची पावती फाडावी आणि शिवाय फिल्म काढूनही टाकावी, असे निकालातच लिहिलेले होते. फिल्म बनवणारे आणि विकणारे पुन्हा न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये त्यांचे अर्ज फेटाळले गेले. भर मे महिन्यात देशभर नाक्यांवर शिपाई गाडी थांबवून नखांनी आणि पात्यांनी फिल्म सोलताना दिसू लागले.

नेमके हे काम उभ्याउभ्या करण्याचे नाही. फिल्मला थर असतात: पॉलिएस्टर, रंग आणि गोंद. क्षणाच्या उष्णतेने गोंद मऊ होतो, पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने तोच गोंद कडक होतो आणि पॉलिएस्टर ठिसूळ. म्हणून गरम प्रदेशातली जुनी फिल्म ओढली की चिंध्या होऊन निघते आणि गोंद काचेवरच राहतो. जाणकार कारागीर आधी वाफ देतो किंवा हीट गनने काच सावकाश तापवतो, एक कोपरा सोडवतो आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर धरून धीराने ओढतो. उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून खरवडतो. मागच्या काचेवर डीफॉगरच्या बारीक तारा असतील तर तिथे पाते लावायचेच नाही, कारण तार एकदा तुटली की ती ओळ बंद पडते. वाफेचे यंत्र नसेल तर ऊनच कामाला येते: काच आतून साबणाच्या पाण्याने ओली करून बाहेरून काळे प्लास्टिक लावायचे आणि गाडी तासभर उन्हात ठेवायची. परदेशात यासाठी अमोनिया वापरण्याची रीत आहे. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत त्याची वाफ छातीला घातक आहे. ती रीत इथे उचलू नये. २०१२ मध्ये घाईने सोललेल्या काचांवर गोंदाचे जे पट्टे राहिले, ते रात्री गाडी चालवणाऱ्याला फिल्मइतकेच आंधळे करत होते.

या आदेशावरचा पहिला आक्षेप असा की गुन्हा माणूस करतो, काच करत नाही. शिवाय आदेशानंतर साधारण साडेसात महिन्यांनी, १६ डिसेंबर २०१२ रोजी, दिल्लीत ज्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला तिला काळ्या काचा आणि पडदे होतेच. मग आदेशाने साधले काय? मला या घटनेतून उलट निष्कर्ष दिसतो. रस्त्यावर इतकी माणसे असताना आत काय चालले आहे ते कोणालाही दिसले नाही. आदेश चुकीचा होता असे यातून ठरत नाही. तो पाळला गेला नाही, एवढेच ठरते. काचेतून आत दिसणे ही रस्त्यावरच्या प्रत्येकाने प्रत्येकावर ठेवलेली साधी नजर आहे, आणि एकट्याने टॅक्सीत बसणाऱ्या मुलीला तिचा आधार असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढची काच दोन थरांची असते आणि तिच्यातला प्लास्टिकचा पापुद्रा जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. बाजूची काच एकपदरी, आणि अतिनीलचा एक भाग तिच्यातून येतो. दिवसभर गाडी चालवणाऱ्या माणसाची उजव्या हाताच्या कातडीची तक्रार खरी आहे. त्याला चैनीची हौस समजणे अन्यायाचे ठरेल.

म्हणूनच उजेडाबरोबर उष्णता मोजायला हवी होती, आणि ते अशक्य नव्हते. इमारतींच्या काचेतून किती सौर उष्णता आत यावी याची मर्यादा आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत २००७ पासून आहे. गाड्यांसाठी असा नियम कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये केला. काचेवरच्या धातूच्या थराने मोबाइल आणि जीपीएसचे संकेत अडतात, अशा तक्रारी आल्याने २०१० मध्ये तो सोडून द्यावा लागला. आज सिरॅमिक थराची फिल्म संकेत न अडवता अवरक्त किरण रोखते आणि उजेड बराचसा येऊ देते, म्हणजे ती अडचणही उरलेली नाही. आपल्याकडेही १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० बदलला आणि काचेसोबत प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षित काचेला जागा मिळाली. त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. निकाल मला पटतो. पण पोलिसांना मोजयंत्रे दिल्याशिवाय त्याचा फायदा पुन्हा गडद फिल्म विकणाऱ्यालाच होईल ही भीतीही खरी आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयावर सोडण्यापेक्षा परिवहन खात्याने आपणहून हाती घ्यावा.

तोपर्यंत उष्णतेवरचा सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, ३८ अंशांहून जास्त तापलेल्या दिवशी तासभर उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतल्या गाडीत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८ अंशांच्या आसपास राहिला. एवढा फरक सावलीने पडतो. तेव्हा महापालिकेने रस्त्याकडेची झाडे राखावीत आणि वाहनतळावर छप्पर घालावे. आणि वाचकहो, तुमच्या गाडीवर अजून जुनी जांभळी फिल्म असेल तर ती पावसाळ्याआधी चांगल्या कारागिराकडून काढून घ्या. पावसात रात्री ती जिवावर बेतू शकते. नवी लावायची झाली तर दुकानदाराला रंग विचारू नका. काचेसकट उजेड किती टक्के येतो आणि उष्णता किती अडते, हे दोन आकडे लेखी मागा. ते देता येत नसतील तर काच मोकळीच ठेवा.