डबा, कुंडी आणि शिंके : गुलशनाबादच्या बिनजमिनीच्या बागा

दोन वर्षांपूर्वी जुन्या नाशकातला आमचा वाडा उतरवला. आमच्या तीन पिढ्या तिथे भाड्याने राहिल्या, म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घेतल्या. चौकातले दगडी तुळशीवृंदावन मालकांच्या नातेवाइकांनी आपल्या शेतावर नेले. माडीच्या सज्जात आईने ओळीने मांडलेले पत्र्याचे डबे उरले, ते भंगारवाल्याने किलोवर घेतले. एका डब्यात वाळलेला मोगरा अजून उभा होता. त्याने तो उपटून बाजूला टाकला, डबा पालथा करून माती झटकली आणि वजनकाट्यावर ठेवला.

वृंदावनावर शक कोरलेला होता. डब्यांवर काहीच नव्हते. गेली पंचवीस-एक वर्षे मी नाशिकच्या इतिहासाची कागदपत्रे चाळतो आहे. पदवी वाणिज्य शाखेची; मोडी शिकलो तीही नोकरीनंतरच्या संध्याकाळी. त्या दिवशी प्रथमच मनात आले की या शहराच्या बागांचा इतिहास आपण नेहमी जमीनवाल्यांच्या बाजूने वाचला. ज्यांच्याकडे हातभर जमीन नव्हती, त्यांनी फुले कशात लावली?

नावातली बाग

मोगलांच्या काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. गुल म्हणजे फूल, गुलशन म्हणजे फुलबाग. अठराव्या शतकात पेशव्यांचा अंमल बसल्यावर नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. पण गुलशनाबाद लगेच पुसले गेले नाही. मराठ्यांच्या काळात इथल्या टांकसाळीत पडलेल्या रुपयांवर नाव शाह आलम बादशहाचे आणि टांकसाळीचे नाव गुलशनाबाद, असे दिसते. राज्य बदलले तरी चांदीवर बाग राहिली. मराठीतही ती राहिली आहे. गुलाब, गुलबक्षी, गुलछडी, गुलदाणी, गुलकंद हे सगळे शब्द याच फारशी घराण्यातले.

परंतु या बागा होत्या कोणाच्या? मळे, विहिरी आणि मोटा गावठाणाबाहेर. पेशवाईत गोदेकाठी मोठे वाडे उठले, राघोबादादांचे वास्तव्य आनंदवल्लीस होते. तिथली फुले देवाला आणि धन्याला. गावठाणात मात्र घराला घर चिकटलेले, बोळ अरुंद, चौक फरसबंद. सरदार किंवा सावकार नसलेल्या माणसाला झाड लावायचे तर ते कशात तरी लावावे लागे. त्या 'कशात तरी'चा इतिहास गुलशनाबादच्या इतिहासाहून जुना आहे.

घट, परडी, वृंदावन

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याचे खांब पाहावेत. पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर मोठा दगडी घट आणि त्या घटातून वर निघालेला अष्टकोनी खांब. त्याच लेण्यात उषवदाताच्या दानलेखात बत्तीस हजार नारळाच्या झाडांचे दान नोंदले आहे. एका बाजूला जमिनीतल्या झाडांची मोजदाद, दुसऱ्या बाजूला घटातून उगवणारा खांब. भरलेल्या घटातून वर येणारी वेल किंवा कमळे हे समृद्धीचे चिन्ह भारतीय शिल्पात सर्वत्र आढळते. हा झाडे लावण्याच्या पद्धतीचा पुरावा नव्हे, हे मला कळते. पण मडके आणि झाड यांची जोडी आपल्या मनात किती जुनी आहे, एवढे त्यातून दिसते.

प्रत्यक्ष पुरावा आपल्याच देवघरात आहे. नवरात्रात आपण परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरतो, धान्य पेरतो, मधोमध घट ठेवतो आणि वरून रोज एक माळ सोडतो. टोपलीतली माती, तिच्यात उगवलेले हिरवे अंकुर, वर टांगलेली फुले. घरात, जमिनीशिवाय, मोजक्या पाण्यावर काही उगवून दाखवण्याचा हा पाठ बायका दर आश्विनात गिरवत आल्या.

वृंदावन ही तर उघडउघड कुंडीच. उंच चौथऱ्यामुळे मुळाशी पाणी साचत नाही, कडेने फिरता येते, चौकातले ऊन मिळते. वैशाखात तुळशीवर गळती लावतात. तळाला बारीक भोक पाडलेले भांडे वर टांगायचे, भोकात दर्भ किंवा कापडाची वात घालायची आणि थेंब थेंब पाणी दिवसभर मुळाशी पडू द्यायचे. शंकराच्या पिंडीवर असते तेच अभिषेकपात्र. नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध; तांबटांच्या हातची अशी पात्रे इथे घरोघरी असत. ठिबक सिंचन हा शब्द आपल्या शेतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तुळशीला ते आधीपासून मिळत होते, पुण्य म्हणून.

व्हरांड्यातली टोपली

१८१८मध्ये नाशिक इंग्रजांकडे गेले. १८६०च्या दशकापासून देवळालीला लष्करी ठाणे वाढत गेले आणि त्याबरोबर बंगला आला, बंगल्याला व्हरांडा आला, व्हरांड्यात ओळीने कुंड्या आल्या. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. पिटुनिया, फ्लॉक्स, व्हर्बिना, नॅस्टर्शियम ही हंगामी फुले अशा वाटेने आपल्याकडे रुळली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. हिवाळ्यात पारा १० अंशांखाली उतरतो. ही फुले इथे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आनंदाने राहतात.

टांगती टोपली हीही त्या व्हरांड्याची देणगी मानली जाते. तारेची टोपली, आत शेवाळाचे अस्तर, कडेने लोंबणारी फुले. इथल्या कोरड्या वाऱ्यात शेवाळ दुपारपर्यंत वाळून कोळ होते. म्हणून अस्तर नारळाच्या काथ्याचे झाले. पण टांगण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती. दूध, दही, लोणी मांजरापासून आणि मुंग्यांपासून वाचवायला प्रत्येक स्वयंपाकघरात शिंके होतेच. दुधाची कपाटे आणि पुढे फ्रिज आले तशी शिंकी रिकामी झाली. आमच्या आजीच्या शिंक्यात नंतर एक फुटके गाडगे आणि त्यात चिनी गुलाब होता. त्याला घरात सगळे 'ऑफिस टाइम' म्हणत, कारण तो दहाला उमलतो आणि ऊन उतरले की मिटतो. आजीने देवळालीचा एकही बंगला आतून पाहिला नव्हता.

डब्याचे युग

१८६५मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि नाशिक मुंबईशी जोडले गेले. पुढच्या दशकांत घासलेट आले. ते चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात येई. असे दोन डबे एका लाकडी पेटीत. तेल जळून जाई, डबा आणि पेटी उरत. पाणी भरायला, धान्य ठेवायला, छपराला ठिगळ लावायला डबा वापरला जाई आणि अगदी शेवटी तो गळू लागला की झाडाकडे येई. गळका डबा झाडाला हवाच असतो. १९३७मध्ये डालडा बाजारात आले. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड. एका झाडाच्या चित्राच्या डब्यात दुसरे झाड वाढू लागले.

कुंभाराची कुंडी असताना डबा का? एक तर तो फुकट. दुसरे कारण कायद्याचे आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरू हलेना, मालक दुरुस्ती करेना. चौकात कोणी झाड लावले की जागेवर हक्क सांगितल्यासारखे होई. डब्यातले झाड उचलता येते, म्हणून त्यावरून भांडण होत नसे. ज्यांना आपण इथे किती दिवस आहोत हे ठाऊक नव्हते, त्यांनी उचलता येणारी बाग केली.

तिचे शास्त्र बायकांनी अनुभवातून बसवले. नाशिकची काळी माती कपाशीला चांगली, डब्याला वाईट. पावसात चिखल होऊन मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात आवळून डब्याच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेने सरळ खाली वाहून जाते. म्हणून गोदेचा गाळ, थोडी वाळू, विटांचा चुरा आणि जुने शेणखत. तळाला खिळ्याने पाचसहा भोके, प्रत्येक भोकावर उलटी खापरी. डबा आडवा चिरला की दोन लांबट कुंड्या होत. त्यांत झेंडू आणि सदाफुली. उभ्या डब्यात मोगरा, जास्वंद, गावठी गुलाब. बाहेरून गेरू, म्हणजे गंज दिसत नाही. वृंदावन नसलेल्या बिऱ्हाडांत तुळशीचे लग्नही गेरू लावलेल्या डब्यापाशीच लागे. पाणी तांदूळ धुतलेले. तीनचार वर्षांत तळ गळून पडे आणि झाड नव्या डब्यात जाई.

रोपे विकत कोणी घेत नसे. गुलबक्षीचे काळे बी पुडीत बांधून, गुलाबाची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून माहेराहून, बदलीच्या गावाहून येई. यातली बरीचशी फुले मुळात दूरची. झेंडू मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्करची, चिनी गुलाब आणि गुलबक्षी अमेरिका खंडातली. समुद्र ओलांडून आलेली ही झाडे शेवटच्या टप्प्यात बायकांच्या पदराआडून घरोघरी पोचली.

पुरावा कुठे शोधायचा

हे सारे दप्तरात नाही. वाटणीपत्रांत भांडीकुंडी, पाट, जाती नोंदलेली असतात. फुलांचे डबे नसतात. मला पुरावा सापडला तो ओळखीच्या घरांतल्या जुन्या फोटोंत. मुंज, बारसे, पहिली सायकल. समोर माणसे नटून उभी, मागे सज्जात डब्यांची रांग. फोटो काढणाऱ्याच्या मनात ती नव्हती, म्हणूनच मला ती विश्वासार्ह वाटते. असे फोटो घेऊन मी वयस्क बायकांकडे गेलो की माणसांची नावे त्यांना आठवत नसत, मागच्या डब्यात काय होते ते मात्र चटकन आठवे.

आता नाशिक पसरले आहे. जानोरी-मोहाडीच्या हरितगृहांतले गुलाब दूरच्या बाजारात जातात. सिडकोच्या घरांना आणि नंतरच्या फ्लॅटना बाल्कन्या मिळाल्या, तिथे प्लॅस्टिकच्या टांगत्या कुंड्या आणि काथ्याचा भुसा आला. महापालिकेच्या पुष्पोत्सवात कुंड्यांतली फुले बक्षिसे घेतात. यात वाईट काही नाही. पण वाडे एकेक करून उतरत आहेत आणि वारसा म्हणून आपण खांब, गणेशपट्टी, वृंदावन यांच्याच याद्या करतो. ज्यांच्या नावावर वाडा होता त्यांचे सामान जपले जाते; ज्यांनी त्यात भाडे भरून आयुष्य काढले त्यांचे भंगारात जाते.

सप्टेंबर २००८च्या पुरात दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा पाणी आमच्या बोळात शिरले होते. सत्तरीतली आई आधी खालच्या पायरीवरचे डबे उचलून जिन्यावर ठेवत होती. रेशनकार्ड आणि बँकेचे पुस्तक तिने नंतर उचलले. मी तेव्हा तिच्यावर ओरडलो होतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरात जुने फोटो असतील तर समोरच्या माणसांइतकेच मागेही पाहावे. डबा दिसला तर त्यात काय लावले होते ते घरातल्या वयस्क बाईला आजच विचारून फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. आमच्या एका फोटोच्या पाठीवर मी लिहिले आहे : सज्जा, डावीकडून तिसरा डबा, मोगरा, आईने सिन्नरहून आणलेला.